एक्स-रे स्वच्छ, तरी दम पुरेना

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत शिंदखेडा तालुक्यातली एक बाई सुनेसोबत धुळ्याला माझ्या दवाखान्यात आली. वय पंचावन्नच्या आसपास. पिशवीतून भलीमोठी फाइल निघाली. छातीचे एक्स-रे, ईसीजी, टूडी इको, टीबीसाठी बेडक्याची तपासणी, सगळं नॉर्मल. कुणी अ‍ॅलर्जी सांगितली होती, कुणी वय, तर कुणी ‘मनाचं आहे’ म्हणून मोकळं झालं होतं. तिचं म्हणणं एवढंच, “डाक्टर, दम पुरस नही.” ऑक्सिमीटरही ९६ दाखवत होता.

बिडी नाही, सिगारेट नाही. मी स्वयंपाकाचं विचारलं. सून म्हणाली, घरात गॅस आहे, पण पुरवून पुरवून वापरतो. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. सरपण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या, कपाशीच्या पट्ट्यात ते आयतं मिळतं. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई त्याच धुरात बसत आल्या होत्या.

मी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वास मोजायची तपासणी, सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून एका दमात निदान सहा सेकंद सोडत राहायचा. रक्ताच्या तपासणीत सुई टोचली की पेशंटचं काम संपतं. इथं मात्र पेशंटनं जोर लावला नाही तर आकडा खोटा येतो. बाईंनी सुरुवातीला चुलीत फुंकणी मारावी तशी छोटी फुंक मारली आणि थांबल्या. टेक्निशियन प्रमाण मराठीत नीट समजावत होती, पण जमेना. शेवटी मी समोर खुर्ची ओढली आणि चक्क अहिराणीत ओरडायला लागलो, “फुक माय, फुक! आखो, आखो, आखो!” सूनही ओरडू लागली. बाई लालबुंद झाल्या, पण फुंक सुटली. थोडी विश्रांती देत देत तीन फुंका एकमेकींशी जुळल्या, तेव्हा कुठे त्या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

एकूण हवा १.९० लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली १.०२. म्हणजे जेमतेम ५४ टक्के. सत्तरच्या खाली गेलं की श्वासनळ्यांत अडथळा आहे असं आम्ही धरतो. स्क्रीनवरच्या आलेखाचा उतार सरळ खाली न येता आत खचला होता. मग स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ दिले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदाची हवा आता १.०८. दमा असता तर बहुधा आकडा चांगलाच उसळला असता. इथं फक्त ६० मिलिलिटर वाढले. धुरानं झालेला सीओपीडी होता, म्हणजे फुप्फुसाचा कायमचा जुनाट आजार. त्यात श्वासनळ्या अरुंद होतात आणि सुरुवातीच्या काळात एक्स-रेवर त्याचा पत्ताही नसतो.

मला याचा फार राग येतो. लंडनच्या जॉन हचिन्सननं १८४६ मध्ये स्पायरोमीटर जगापुढे मांडला. आज आमच्याकडे साध्या तापाच्या पेशंटचंही बीपी मोजतात, पण धाप लागते म्हणणाऱ्याचा श्वास मोजायचं कुणाच्या मनात येत नाही. बाईमाणसाच्या बाबतीत तर नाहीच, कारण ती बिडी ओढत नाही.

पंप लिहून दिला. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती काढायला तपासणीपेक्षा जास्त वेळ गेला. सून हळूच म्हणाली, “माझी पण करा.” तिचं ८३ टक्के आलं, अगदी चांगलं. तिला मी तिथंच सांगितलं, भाकरी आता गॅसवर, आणि पाण्याची चूल घराबाहेर, मोकळ्यावर.

तीन महिन्यांनी दोघी परत आल्या. सासूबाईंचा आकडा १.१०, म्हणजे जवळपास तेवढाच. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. पण आता त्या वाटेत न बसता शेतापर्यंत जातात. चूल अंगणात आली आहे. भाकरी मात्र अजून निम्मे दिवस तिच्यावरच होते, कारण सिलेंडर महाग पडतो.