मधली हवा

काकांनी लेन्सची पेटी काउंटरवर अगदी अलगद ठेवली आणि म्हणाले, "ही लेन्स खराब आहे." पेटी आपटणाऱ्या गिऱ्हाइकाशी मला भांडता येतं. अलगद ठेवणाऱ्याची भीती वाटते.

पुण्यात मी कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देतो, बारीकसारीक दुरुस्ती करतो. या धंद्यात बाहेरच्यांना न दिसणारी गोष्ट अशी, की अर्धा वेळ दुसऱ्यांचे फोटो बघण्यात जातो. लेन्स परत आली की टॉर्च मारून काच बघायची, माउंटचे स्क्रू बघायचे आणि गिऱ्हाइकाची तक्रार असेल तर त्याचं कार्ड लावून बसायचं. लग्नं, मुंजी, वाघ, सगळं बघून होतं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. ताडोबाची पहिलीच ट्रिप, मोहर्ली गेट, एक सकाळची आणि एक दुपारची सफारी, सोबत काकू. मे महिना. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५च्या आसपास. आणि आमच्याकडून त्यांनी नेली होती कॅननची ६०० मिलिमीटर एफ/४, दुसरी आवृत्ती, लांबचं जवळ आणणारी. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा तितकं जास्त जवळ. पुढची काच छोट्या भाकरीएवढी, १५ सेंटिमीटरची. वजन ३.९२ किलो. हिचे हप्ते मी चार वर्षं फेडलेत, त्यामुळे हिला कोणी खराब म्हटलं की आधी मला लागतं.

आता जे सांगायला नको ते आधीच सांगून टाकतो. काकांनी ६०० मागितलीच नव्हती. त्यांना १००-४०० हवी होती, म्हणजे १०० ते ४०० मिलिमीटर कमी-जास्त करता येणारी झूम. माझ्याकडच्या दोन्ही १००-४०० बुक होत्या आणि ६००चं बुकिंग त्याच सकाळी रद्द झालं होतं. मे महिन्यात ही लेन्स चार दिवस कपाटात राहणं म्हणजे पोटाला चिमटा. मी म्हटलं, "काका, हीच न्या, भाड्यात सूट देतो. आणि १.४चा कन्व्हर्टर माझ्याकडून." कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, पल्ला १.४ पट करणारा तुकडा. काकांचे डोळे चमकले. पांढरी तोफ हातात आली की सगळ्यांचेच चमकतात. जिप्सीत तिच्यामुळे मान मिळतो, गाइड आधी तिच्याकडे बघतो आणि मग माणसाकडे.

हिशेब मात्र मी त्यांना सांगितला नाही. ६००ला १.४ लावला की ८४०. काकांचा कॅमेरा आर७, छोट्या सेन्सरचा, म्हणजे दृश्य आणखी १.६ पट आवळलं जाणार. ८४० गुणिले १.६ बरोबर १३४४. पहिल्यांदा जंगलात निघालेल्या चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात मी १३४४ मिलिमीटरचा पल्ला दिला. लेन्स टेकवायची बीनबॅगही दिली, रिकामी, आणि म्हटलं की तिकडे गेल्यावर हिच्यात तांदळाची कणी भरा.

तर कार्ड लावलं. दोन हजारांवर फ्रेम. पहिल्या सफारीच्या सुरुवातीचे, सहा वाजून गेल्यानंतरचे, चितळाचे फोटो उघडले. शंभर टक्क्यांवर मोठं करून बघितलं तर पापणीचे केस मोजता येत होते. मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "ते नाही हो. वाघ बघा."

वाघ नऊ वाजून दहा मिनिटांनी आला होता. पाणवठ्यापलीकडे, गाडीपासून सव्वाशे मीटरच्या आसपास. पूर्ण वाघ फ्रेममध्ये, बसलेला, तोंड कॅमेऱ्याकडे. फोकसची चौकट नेमकी डोळ्यावर. आणि फोटो असा, की जणू कोणी ओल्या बोटाने चित्र पुसलंय.

फोटो बिघडतो तो तीन प्रकारांनी, आणि तिन्हींचा तोंडवळा वेगळा असतो. हात हलला तर रेघा एकाच दिशेला दुहेरी होतात. फोकस चुकला तर वाघ विरघळतो, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत कुठेतरी पातं न् पातं दिसतं. काकांच्या फ्रेममध्ये दोन्ही नव्हतं. कुठेच काही धारदार नव्हतं, आणि प्रत्येक फ्रेम वेगळ्या तऱ्हेने बिघडलेली होती. त्यांनी सेकंदाला १५च्या वेगाने बटण दाबून धरलं होतं. एका फ्रेममध्ये डावा कान जाड, पुढच्या फ्रेममध्ये बारीक, तिसऱ्यात पट्टे वाकडे, चौथ्यात पुन्हा कान जाड. वाघ तर दगडासारखा बसलेला. हलत होती ती मधली हवा.

तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते, कमी तापलेल्या हवेत घुसळते, आणि प्रत्येक लोटातून प्रकाश थोडा वेगळा वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी लहरताना दिसतं तीच गंमत. साध्या लेन्सने ते जाणवत नाही, कारण हवेचा तो थरथराट फोटोत कणाएवढा असतो. ८४० मिलिमीटर वाघ मोठा करते तसा थरथराटही तितकाच मोठा करते. शटर सेकंदाच्या १/४००० वर नेलं तर विस्कटलेला क्षण फक्त लख्ख गोठतो. स्टॅबिलायझर हाताचा कंप काढतो, चंद्रपूरच्या मातीचा नाही. आणि कार्ड बघता बघता आणखी एक दिसलं, बऱ्याच फ्रेमच्या तळाला पांढुरका पुसट पट्टा होता. काका जिप्सीच्या बॉनेटवरून फोटो काढत होते. खाली इंजिन तापलेलं. सव्वाशे मीटरची हवा कमी पडली म्हणून की काय, दीड मीटरवर स्वतःची शेगडी.

हे सगळं मी तोंडाने सांगितलं आणि काकांच्या चेहऱ्यावर बँकेतला जुना भाव आला, कर्ज मागणाऱ्याची कथा ऐकतानाचा. ते म्हणाले, "म्हणजे दहा लाखांची लेन्स हवेने बिघडते?"

मी त्यांना गच्चीवर नेलं. दुपारचे साडेबारा. आमच्या गच्चीवरून दीडेकशे मीटरवर एका इमारतीची पाण्याची टाकी आहे. तिच्यावरची बारीक अक्षरं हा माझा तपासणीचा फलक. मध्ये दोन वाड्यांची पत्र्याची छपरं. सकाळी साडेसहाला या लेन्समधून टाकीवरचा लिटरचा आकडा आणि त्याखालची ओळही वाचता येते. तिचे सकाळचे फोटो माझ्याकडे तारीखवार ठेवलेले असतात, हा माझा एकुलता एक शिस्तीचा गुण. लेन्स ट्रायपॉडवर लावली, काकांचाच कॅमेरा, त्यांनी नेलेलाच कन्व्हर्टर, मागच्या पडद्यावर दहा पट मोठं केलं आणि म्हटलं, "बघा."

अक्षरं पोहत होती. अगदी विहिरीत डोकावल्यासारखी. वाऱ्याची झुळूक आली की क्षणभर जुळायची, पुन्हा सुटायची. काका काही बोलले नाहीत. मग मी लेन्स वळवून शेजारच्या गच्चीवरच्या दोरीकडे नेली, अंतर आठ-नऊ मीटर. चादरीचा धागा न् धागा दिसला. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं, मग चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "हवाच आहे," ते म्हणाले.

खाली आलो. दुपारच्या सफारीचं कार्ड बाकी होतं. तिथे वेगळीच तऱ्हा. वाघीण रस्ता ओलांडून गाडीच्या वीसेक मीटरवर आली होती. प्राण्यापासून किमान २० मीटर राहायचं असा नियमच आहे, आणि त्या नियमाच्या अंतरावर काकांच्या फ्रेमची रुंदी होती ५३ सेंटिमीटर. म्हणजे अर्धा चेहरा. सत्तर-ऐंशी फोटो, सगळे अर्ध्या चेहऱ्याचे, खांद्याचे, एक नुसत्या शेपटीचा. फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम १२ सेंटिमीटर, नाक जमलं तर कान गेला. कन्व्हर्टर काढायला वेळ कुठला. काकांबरोबर दुकानात आलेल्या काकू म्हणाल्या, "हे आत काहीतरी शोधत होते आणि ती आमच्याकडे बघत निघून गेली." मग पिशवीतून त्यांनी बीनबॅग काढली. रिकामी, धुतलेली. "तुम्ही कणी म्हणालात, पण मी घरूनच आंबेमोहोर भरून नेला. म्हटलं परत आणता येईल."

खेळाची गोष्ट वेगळी. गहुंजेच्या स्टेडियमवर मी काही हंगाम सीमारेषेबाहेर बसलोय. तिथे बॅट्समन कुठे उभा राहणार हे आधी ठरलेलं असतं. पाऊणशे मीटरवरून ४०० मिलिमीटरने पावणेसात मीटर रुंद फ्रेम मिळते, ६००ने साडेचार. बसायच्या जागेवरून लेन्स ठरते, मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, लावला की दिवसभर निभतं. दुपारच्या मॅचला पायांजवळ हवा तिथेही नाचते, पण संध्याकाळी दिवे लागले की बहुधा शांत होते. तरीही मागच्या वर्षी एक पोरगा बालेवाडीतल्या कबड्डीसाठी ६०० मागायला आला होता. १३ मीटर लांबीच्या मैदानासाठी! त्याला मी छोटी ७०-२०० एफ/२.८ देऊन पाठवलं आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर आठवडाभर खूश होतो. त्या आठवड्यात ६०० आधीच बुक होती, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

काकांना मी एका दिवसाचं भाडं माफ करतो म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. पूर्ण पैसे मोजून दिले, सूट दिली होती तीसुद्धा नाकारली. "चूक हवेची, तुमची कशाला?" जाताना दारात थांबून एकच विचारलं, "लेन्स साफ होती ना पण?" मी म्हटलं, "शंभर टक्के. मी स्वतः बघून दिली होती."

संध्याकाळी दुकान बंद करताना लेन्स पुसायला घेतली. या मोठ्या लेन्सना पुढे फिल्टर लागत नाही, भाकरीएवढा फिल्टर कोण बनवणार. मागे, माउंटजवळ, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे, एका खाचेत ५२ मिलिमीटरचा छोटा फिल्टर आडवा सरकवलेला असतो. तो बाहेर काढला. त्याच्यावर अंगठ्याचा ठसा. तेलकट, पूर्ण, रेषा मोजता येतील असा. काकांना तो फिल्टर तिथे असतो हेसुद्धा माहीत नव्हतं. ठसा आधीच्या गिऱ्हाइकाचा, नाहीतर माझा. पुढची काच, मागची काच, स्क्रू, पट्टा, सगळं मी बघितलं होतं. खाच उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गच्चीवर गेलो. ठशासकट टाकीचे वीस फोटो, मग फिल्टर पुसून वीस. दोन्ही शेजारी लावून बघितले. फरक नाही. म्हणजे बघायचाच ठरवला तर पांढऱ्या अक्षरांच्या कडेला किंचित धूसर वलय आहे, कदाचित. काकांचा वाघ त्या ठशाने गेला नाही, याबद्दल मला शंका नाही. त्याच ठशातून चितळाच्या पापण्या स्वच्छ आल्या होत्या. पण मला त्यांनी हवेबद्दल विचारलंच नव्हतं. लेन्स साफ होती का, एवढंच विचारलं होतं.

दोन दिवसांनी फोन केला. काकूंनी उचलला. काका नातवाला आणायला गेले होते. मी म्हटलं, काही विशेष नाही, एक सांगायचं राहिलं होतं. "सांगते हं त्यांना फोन करायला," त्या म्हणाल्या, आणि मग, "तो तांदूळ शिजवला बरं का. चांगला झाला. पण ह्यांचं आपलं, म्हणे कॅमेऱ्याचा वास येतो."

तपासणीच्या कागदावर आता 'खाचेतला फिल्टर' अशी एक ओळ हाताने लिहिली आहे. काकांचा फोन अजून आलेला नाही. मीही परत केलेला नाही.