पिंग लागतंय, पण लॉगिन होत नाही : माझा अनुभव

"पिंग लागतंय ना? मग सर्व्हर चालू आहे. आमच्या बाजूने सगळं ठीक आहे." सर्व्हरवर लॉगिन होत नाही या माझ्या तक्रारीला नेटवर्क पुरवणाऱ्या कंपनीच्या हेल्पडेस्कने हे उत्तर (पिंग म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं छोटं पॅकेट) इतक्यांदा दिलं, की आजही आठवलं की डोकं तापतं.

पोर्ट २२ (एसएसएचचा, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचा) उघडा होता, ४४३ (सुरक्षित वेबचा) उघडा होता. तरी एसएसएच की-एक्स्चेंजच्या (गुप्त किल्ल्या ठरवण्याच्या) ओळीवर येऊन अडायचं. एरर नाही, नकार नाही. ब्राउझरमध्येही कनेक्शन जुळायचं आणि टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवातीची बोलणी) अर्ध्यात लटकायचा.

कन्सोलवरून सर्व्हरवर शिरून टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारं साधन) लावला तेव्हा खरा प्रकार कळला. क्लायंटचा छोटासा हॅलो येत होता. उत्तरात सर्टिफिकेटांची साखळी निघायची, ती १५०० बाइटच्या भरगच्च पॅकेटांत. मग तेच पॅकेट पुन्हा, परत तेच, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. पलीकडे एकही पोचत नव्हतं. वाटेत आयपीसेक टनेल (दोन नेटवर्कांमधला एन्क्रिप्टेड बोगदा) होता आणि त्याची पॅकेटच्या आकाराची मर्यादा, म्हणजे एमटीयू, कमी. अशा वेळी राउटरने 'पॅकेट मोठं आहे, लहान कर' असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल, पिंगही त्याचंच) निरोप, टाइप ३ कोड ४, परत पाठवायचा असतो. १९९० च्या आरएफसी ११९१ (इंटरनेटच्या मानकांचा एक दस्तऐवज) पासून हे ठरलेलं आहे. पण मधल्या फायरवॉलने सुरक्षेच्या नावाखाली पिंग तेवढं सोडून बाकी सगळं आयसीएमपी अडवलं होतं. आणि हेल्पडेस्क ज्या पिंगचा दाखला देत होतं, त्यात डेटा होता ५६ बाइट! एवढंसं पॅकेट कुठूनही जाणारच.

म्हणून पिंगला 'तुकडे करू नको' असं सांगून आकार वाढवून बघा. वरची हद्द १४७२, कारण आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ धरले की १५०० होतात. माझं १३७२ जात होतं, १३७३ नाही. म्हणजे मार्गाची मर्यादा १४००. त्यातून आयपी आणि टीसीपीचे ४० वजा केले की एमएसएस (एका टीसीपी पॅकेटात मावणारा जास्तीत जास्त डेटा) १३६०. हे आकडे कॅप्चरसकट पाठवले, तेव्हा कुठे तिकीट वरच्या टीमकडे गेलं.

एक राहिलंच: मोजणी दोन्ही टोकांकडून करा, जायचा आणि यायचा मार्ग वेगळा असू शकतो. मोठ्या पिंगला एरर आली तर उत्तमच, निरोप पोचतोय. नुसता टाइमआउट झाला तर आधी फायरवॉलवर संशय घ्या. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) मध्ये तर वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत, तिथे हा निरोप अडवणं म्हणजे सरळ रस्ता बंद करणं.

फायरवॉलवाल्यांनी शेवटी तो टाइप ३ चा निरोप सोडला. त्याआधीच मी टनेलच्या राउटरवर एमएसएस १३६० ला बांधला होता आणि लॉगिन झटक्यात झालं होतं. ती सेटिंग मी काढलेली नाही. पण हा उपाय टीसीपीपुरताच. टनेलमधून यूडीपी (टीसीपीखेरीजचा दुसरा प्रोटोकॉल, त्यात एमएसएस नसतो) जात असेल तर इंटरफेसचा एमटीयूच कमी करावा लागतो.