अराकूची ऑरगॅनिक कॉफी: बागेत जाऊन मिळत नाही, आणि जीपवाल्याला साडेचार हजार देऊ नका

आंध्रात, विशाखापट्टणमच्या वरच्या डोंगरांत असलेल्या अराकू भागातून आपल्या पाकिटात विकायला सेंद्रिय कॉफी आणायची असेल, तर आधी कामाचं, कारण हे मला पुण्यात कुणी सांगितलं नाही आणि विशाखापट्टणमला ज्याने ‘सोसायटीशी गाठ घालून देतो’ म्हणून दोन हजार मागितले, त्याने तर मुद्दाम दडवलं. आदिवासी शेतकऱ्यांच्या संस्थेकडचं सेंद्रिय प्रमाणपत्र बहुतेक वेळा गटाचं असतं, एकेका शेतकऱ्याचं नाही. शेतकरी आपलं फळ संस्थेला घालतो, तिथे त्याची नोंद होते, आणि माल विकला की प्रमाणन करणारी यंत्रणा त्या लॉटचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट देते. त्याला सगळे टीसी म्हणतात. थेट दारातून उचललेल्या गोणीला टीसी नाही. झाडाला आयुष्यात रासायनिक खत लागलेलं नसलं तरी तुमच्या पाकिटावर ती साधी कॉफी. शिवाय फळ संस्थेलाच घालायचं असं त्या माणसाने कबूल केलेलं असतं. आपण चार पैसे जास्त देऊन त्याला शब्द मोडायला लावतो आणि वर ‘डायरेक्ट ट्रेड’, थेट शेतकऱ्याकडून खरेदी, म्हणून मिरवतो.

दलालाचा धंदा नेमका याच अज्ञानावर चालतो. तो बागेत नेतो, सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओकवर चढलेले मिरीचे वेल दाखवतो, लाल फळांबरोबर फोटो काढून देतो आणि कुणाच्या तरी पडवीतली गोण पुढे करतो. कागद विचारला की म्हणतो, ‘सार, इथे सगळंच ऑरगॅनिक.’ खतं वापरत नाहीत हे पुष्कळ ठिकाणी खरंही आहे. पण त्याने टीसी मिळत नाही.

जाणं सोपं आहे. मुंबई-पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेस थेट विशाखापट्टणमला नेते. तिथून सकाळची किरंदुल गाडी बोगद्यांतून अराकूला चढते. तिला मोठ्या काचांचा डबाही असतो, बोर्रा गुहा वाटेत आहेत, बघायच्या तर बघा. कॉफीसाठी जाणाऱ्याने मात्र अराकूत फार रेंगाळू नये. रस्त्याकडेला ‘अराकू कॉफी’ म्हणून जी पावडर विकतात, तीत चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी, किती हे विचारा आणि विक्रेत्याचा चेहरा बघा. घेऊ नका. 2019 साली ‘अराकू व्हॅली अरेबिका’ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, 2017 पासून पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचं दुकान आहे, त्यामुळे नावाला भाव आलाय आणि नाव सगळेच वापरतात. जीसीसी, म्हणजे 1956 पासूनची सरकारी गिरिजन संस्था, तीही आदिवासींकडून कॉफी घेते. तिच्याकडे चौकशी जरूर करा, पण तिचा सगळाच माल सेंद्रिय धरून चालू नका. टीसी तिथेही मागायचा.

आता बागांकडचा रस्ता. पाडेरू हे अल्लूरी सीताराम राजू जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, तिथपर्यंत बस आहे. तिथून मंडलाच्या (तिकडच्या तालुक्याच्या) गावापर्यंतही डांबर आहे. त्यापुढचे सात किलोमीटर मी जन्मात विसरणार नाही. लाल माती, तिच्यात डोक्याएवढे दगड, मोरी नसलेले दोन ओढे, आणि एका वळणावर उतार असा की ड्रायव्हर स्वतःच ‘उतरा’ म्हणतो. आम्ही उतरलो आणि जीपच्या मागून चालत गेलो, म्हणजे ज्या भागाचे पैसे मोजले तोच पायी. एका फेरीचे साडेचार हजार! परत येताना दलालाला सोडलं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गावकऱ्यांच्या कमांडर जीपमध्ये बसलो. रस्ता तोच, माणशी ऐंशी रुपये, मांडीवर दुसऱ्याची कोंबडी. तेव्हा बाजाराचा दिवस पाडेरूत विचारा आणि त्याच दिवशी जा. भाड्याची ॲक्टिव्हा घेऊन वर जाणाऱ्यांना माझा नमस्कार. चढ्या वाटा, थंडी, पायात धड बूट हे सगळं तुम्हाला येतं असं धरतो. रोख पैसे न्या. वर रेंज नाही, त्यामुळे यूपीआयही नाही.

आणि एवढं करून पोचायचं ते बागेत नव्हे, पल्पिंग युनिटला, म्हणजे फळाची साल काढून बी धुऊन वाळवतात तिथे. दलालाच्या फेरीत ते नव्हतंच. आम्ही परतीच्या वाटेवर विचारत विचारत शोधलं आणि तिथे उभं राहिल्यावर माझा सगळा शीण गेला. तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणून जानेवारी उत्तम. दुपारनंतर लोक फळं घेऊन येतात. हिरवी, अर्धी पिकलेली फळं बाजूला काढायला लावतात, त्यावरून वादही होतात. हा वाद ज्या युनिटवर होत नाही तिथून माल घेऊ नका, इतकं सरळ आहे. मग पाण्यात फळं सोडतात, तरंगणारी वेगळी. पुढे साल काढणारं यंत्र, म्हणजे पल्पर, टाकीत आंबवणं, धुणं आणि वाळवणीच्या जाळ्या. संध्याकाळी धुकं उतरायच्या आत पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट वाळत घातलेली बी, झाकतात का, ते थांबून बघाच. ओलावा मोजायचं यंत्र स्वतःचं न्या. बारा टक्क्यांच्या वर असेल तर ‘पुण्यात वाळेल’ या भरवशावर घेऊ नका, वाटेतच बुरशी धरते.

भाव ऐकताना तो कशाचा आहे ते विचारा: फळाचा, पार्चमेंटचा की सोललेल्या बीचा. सुमारे सहा किलो पिकल्या फळांतून एक किलो बी निघते आणि पन्नास किलो पार्चमेंटमधून चाळीसच्या आसपास. मला स्वस्त वाटलेला एक भाव पार्चमेंटचा निघाला. आपल्याकडे टरफल काढायचं यंत्र नसेल तर पार्चमेंट आणून काय करणार?

जुनी गोणपाटं बरोबर नेऊ नका, विशेषतः कूर्ग-चिकमगळूरहून आलेली. 2025 मध्ये अराकू भागात बेरी बोरर, कॉफीचं फळ पोखरणारा किडा, सापडला, आणि वापरलेल्या गोण्यांमधून ही कीड पसरते. तुमच्या वीस रुपयांच्या बचतीत कुणाची बाग जाईल.

सॅम्पल घेताना ढिगाच्या वरचं घेऊ नका, वेगवेगळ्या गोण्यांमधून थोडं थोडं काढायला सांगा आणि त्यावर लॉट नंबर लिहून घ्या. मी आणलेली भाजली तर गुळासारखी गोडी, मोसंबीची हलकी आंबट चव. फार चांगली. म्हणूनच पुन्हा तोच रस्ता चढणार आहे, शिव्या देत.

आगाऊ रक्कम द्यावी लागते, द्या. बाकीचे पैसे मात्र टीसीवर तुमच्या कंपनीचं नाव, लॉट नंबर आणि वजन बघितल्यावरच. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हणाले तर पैसेही पुढच्या आठवड्यात.