नसलेला राखाडी

आधार कार्ड ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये स्कॅन केलं की अक्षरं खणखणीत उठतात आणि फोटोतला माणूस ओळखू येत नाही. स्कॅनरच्या लेखी 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. 128 च्या खाली जे आलं ते सरसकट काळं. सावळा गाल 110, केस 20. दोघांना एकच न्याय.

छापखान्यातही फोटो काळ्या शाईनेच छापतात, पण लहानमोठ्या ठिपक्यांनी, म्हणजे लांबून राखाडीचा भास होतो. पूर्वी त्यासाठी हाफटोनचा ब्लॉक करून घेत. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा: ठिपक्यांच्या ओळी 45 अंशांत तिरक्या दिसतील. आडव्या-उभ्या असत्या तर डोळ्याला लगेच टोचल्या असत्या. लेझर प्रिंटर असा ठिपका बारीक घरं भरून रचतो. 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 घरं असताना, इंचाला 75 ओळींची जाळी घेतली, तर एका ठिपक्याला 8 गुणिले 8, म्हणजे 64 घरं मिळतात. कोरा कागद धरून 65 छटा. हौसेने 150 ओळी केल्यात तर उरतात 17, आणि कपाळावर पट्टे उमटतात.

त्याहून मजेशीर रीत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या संगणकतज्ज्ञांची, 1976 सालची. ती वाण्याच्या वहीसारखी चालते. 100 किमतीचं घर काळं केलं, म्हणजे 100 उजेड देणं राहिला. तो शेजाऱ्यांच्या खात्यावर चढतो: उजवीकडे सोळातले 7 भाग म्हणजे 44, खाली डावीकडे 19, थेट खाली 31, खाली उजवीकडे 6. हिशेब चोख. ॲपलमधले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांच्या रीतीत मात्र उधारीतले आठांपैकी 2 भाग चक्क बुडवले जातात. चित्र त्यामुळे ठसठशीत होतं, गडद सावल्यांतलं बारीक काम मात्र उधारीबरोबरच बुडतं.

यासाठी स्कॅन आधी 8 बिट ग्रेस्केलमध्येच, म्हणजे 0 ते 255 सगळ्या राखाडी छटांसकट हवा. एकदा काळंपांढरं झालेल्या गालातून राखाडी परत निघत नाही. मग चित्राचा आकार पक्का करायचा आणि ठिपके सगळ्यात शेवटी पाडायचे. नंतर आकार बदलला की जाळीदार लाटा उठतात, आणि जेपीजीत ठेवलं की ठिपक्यांभोवती मळ साचतो. पीएनजी बरं. फॅक्सच्या पद्धतीचं जी4 टिफ मजकुराला उत्तम, कारण ते सलग काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची लांबी मोजतं. ठिपक्यांत सलग काही नसतंच, मग फाइल फुगते.

फुगते शाईसुद्धा. न्यूजप्रिंटवर एकांडा ठिपका पसरतो आणि मधल्या छटा काळवंडतात, म्हणून त्या आधीच थोड्या उजळून घ्यायच्या.