तुम्ही विचारलंत म्हणून: आउटर बँक्सला जायचं, तर घराआधी नकाशा

"अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्सला आठवडाभर जायचंय, कोणतं घर घेऊ?" हे विचारताना बहुतेक जण चार-पाच घरांचे फोटोही पाठवतात. फोटो बाजूला ठेवा आणि आधी नकाशा उघडा. तिथली सुट्टी साधते किंवा फसते ती तीन गोष्टींवर: तुम्ही कोणत्या बेटावर आहात, तिथे पोचायला किती रस्ते आहेत आणि वारा कुठून वाहतोय.

ही बेटं म्हणजे अटलांटिक आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पसरलेल्या वाळूच्या लांबट पट्ट्या. एका अंगाला खुला समुद्र, दुसऱ्या अंगाला साउंड, म्हणजे उथळ, विस्तीर्ण खाडी. वाळू एका जागी राहत नाही. ऑरेगॉन इनलेट आणि हॅटरस इनलेट ही समुद्र आणि साउंड यांना जोडणारी दोन्ही मुखं 1846 च्या एकाच वादळाने उघडली. 1870 मध्ये बांधलेलं केप हॅटरसचं दीपगृह समुद्र पायथ्याशी आला म्हणून 1999 मध्ये अख्खंच्या अख्खं 2,900 फूट मागे सरकवावं लागलं. अशा जमिनीवर आपण सुट्टी आखतोय, हे लक्षात असू द्या.

उत्तरेला डक आणि कोरोला: मोठी घरं, शांत किनारा, पण पोचायला दुपदरी एनसी 12 हा एकच रस्ता. मध्ये किटी हॉक, किल डेव्हिल हिल्स, नॅग्स हेड: दुकानं, दवाखाने, राइट बंधूंचं स्मारक, जॉकीज रिज हा वाळूचा प्रचंड डोंगर. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर पहिल्या खेपेला हाच मधला भाग घ्या. त्याच्या दक्षिणेला हॅटरस बेट: गावं छोटी, मधे मैलोन् मैल मोकळा किनारा, आणि इथेही रस्ता एकच. सगळ्यात शेवटी ओक्राकोक, जिथे गाडी फेरी बोटीनेच जाते. हॅटरसहून जाणारी फेरी फुकट आहे, तास-सव्वा तास लागतो, पण आगाऊ जागा राखता येत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी रांग लांबते, म्हणून सकाळी लवकर धक्क्यावर पोचा. सीडर आयलंड आणि स्वान क्वार्टरहून येणाऱ्या फेऱ्यांना पैसे पडतात, प्रवास दोन तासांहून जास्त आहे, आणि तिथे आरक्षण नक्की करा.

उन्हाळ्यात बरीचशी घरं शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने मिळतात. त्यामुळे शनिवारी दुपारी मुख्य भूमीहून किटी हॉकला आणणारा राइट मेमोरियल पूल आणि कोरोलाकडचा रस्ता तुंबतो. रविवारी सुरू होणारं घर मिळालं तर घ्या. हॅटरसला जाणाऱ्यांनी यूएस 64 या महामार्गाने रोनोक बेटावरून यावं, किटी हॉकच्या गर्दीत शिरूच नये.

घराच्या जाहिरातीतले शब्द नीट वाचा. 'सेमी-ओशनफ्रंट' म्हणजे समुद्र आणि तुमच्यामध्ये आणखी एक घर. कोरोलाच्या उत्तरेला 'फोर बाय फोर' (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) लिहिलेलं असेल तर डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंत वाळूवरूनच गाडी न्यायची आहे. साधी सेडान तिथे रुतणारच. 'ओशनफ्रंट' असेल तर जिने आणि समोरची वाळूची टेकडी आत्ता कशा अवस्थेत आहे, हे एजन्सीला स्पष्ट विचारा. हॅटरस बेटावरच्या रोडांथमध्ये 2020 नंतर कितीतरी घरं समुद्रात कोसळली आहेत. त्याआधी सेप्टिक टाक्या उघड्या पडतात आणि तिथला किनारा पोहण्यालायक राहत नाही. चादरी आणि टॉवेल भाड्यात आहेत का, तेही विचारा; पुष्कळदा नसतात.

आता वारा. यावर नवखे लोक फसतात. भर जुलैत केप हॅटरसच्या उत्तरेचं पाणी अचानक गारठतं. नैर्ऋत्येचा वारा काही दिवस टिकला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. केपच्या दक्षिणेला, फ्रिस्को-ओक्राकोककडे, पाणी सहसा जास्त उबदार असतं. पश्चिमेकडून वारा असेल तेव्हा हवा भरलेले तराफे समुद्रात नेऊच नका. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावरून ते बघता बघता दूर जातात. अशा दिवशी लाटा मात्र स्वच्छ, नीटस येतात. पुराचा धोका फक्त समुद्राकडून नसतो. सप्टेंबर 2019 मध्ये डोरियन चक्रीवादळात वारा फिरला आणि पॅम्लिको साउंडचं पाणी मागच्या बाजूने ओक्राकोक गावात शिरलं.

चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरमध्ये भाडं उतरतं, पाणी उबदार असतं, म्हणून तो महिना मोह घालतो. जरूर जा, पण विम्याचं आधी ठरवा. नॉर्थ कॅरोलायनाच्या भाडे कायद्यानुसार बेट सोडण्याचा सक्तीचा आदेश निघाला तर न राहिलेल्या रात्रींचे पैसे परत मिळतात. मात्र घरमालकाने असा धोका झाकणारा विमा भाड्याच्या 8 टक्क्यांपर्यंतच्या किमतीत देऊ केला आणि तुम्ही नाकारला, तर तो परतावा जातो. करारात बारीक अक्षरांत एक चौकोन असतो, त्यावर घाईने खूण करू नका. आणि वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही.

वाळूवर गाडी न्यायची असेल तर केप हॅटरस नॅशनल सीशोअरचा परवाना लागतो. गाडीत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि हवेचा दाब मोजायचं साधन असलंच पाहिजे. चाकांतली हवा 20 पीएसआयच्या आसपास उतरवा. रुतणारे बहुतेक जण हीच पायरी गाळतात: कडक टायर वाळू कापत खाली जातं, मऊ टायर पसरून वर राहतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर गाडी पोटावर टेकते. ओहोटीच्या वेळा पाहून निघा. परतल्यावर रस्त्यावर वेग घ्यायच्या आधी हवा भरा आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. भाड्याची गाडी असेल तर हे सगळं विसरा. बहुतेक करारांत वाळूवर नेण्याला मनाई असते.

पोहताना लाटांच्या रांगेत जिथे लाटा फुटत नाहीत, तो शांत दिसणारा पट्टाच टाळा. पाणी तिथूनच वेगाने आत ओढलं जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर या. लाल झेंडा असेल त्या दिवशी मुलांना साउंडच्या बाजूला न्या. तिथे बऱ्याच ठिकाणी लांबपर्यंत कमरेइतकंच पाणी असतं.

छत्रीचा दांडा दीड-दोन फूट खोल रोवा आणि छत्री वारा येतो त्या बाजूला कलती ठेवा. मुलांनी खणलेले खड्डे निघताना बुजवा: त्यांच्या भिंती ढासळून माणसं गाडली गेली आहेत, आणि मे ते ऑगस्ट रात्री अंडी घालायला येणारी कासवं त्यांत अडकतात. त्याच कासवांसाठी समुद्राकडचे दिवे झोपण्याआधी बंद करा.