उरलंसुरलं

उपासना संपल्यावर आज चर्चच्या पायरीवर मावशी भेटल्या. हडपसरहून बसने येतात, घरकाम करतात. बोलता बोलता म्हणाल्या, एका घरी रविवारचा खाडा धरतात.

मी म्हटलं, "मावशी, मग संध्याकाळच्या उपासनेला येत जा ना. पैसे तरी कापले जाणार नाहीत."

चपलेचा पट्टा लावता लावता त्या म्हणाल्या, "संध्याकाळी अंगात काय राहतं गं? उरलंसुरलं देवाला कसं द्यायचं?"

दिवसभर तेच डोक्यात आहे.

बायबलमध्ये एक गोष्ट आहे. दावीद राजाला परमेश्वरासाठी वेदी बांधायची होती. खळ्याचा मालक, यबूसी जमातीचा अरवना, त्याला खळं, बैल, लाकडं, सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीद नाही म्हणाला. ज्यासाठी मला काहीच मोजावं लागलं नाही, ते मी परमेश्वराला अर्पण करणार नाही, असं म्हणाला. ५० शेकेल (त्या काळचं वजनाचं माप) चांदी दिली, मगच वेदी बांधली.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच मिळतं, ते कुणाला विकत घेता येत नाही. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण म्हणून भक्तीही फुकटात उरकायची?

इथून जवळच, केडगावला, पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबल मराठीत आणण्यात घालवली. ढासळत्या तब्येतीतही काम सोडलं नाही. १९२२ साली त्या गेल्या.

आणि आपण? "आज उपासना छान झाली" म्हणतो, तेव्हा गाणी चांगली झालेली असतात, संदेश लांबलेला नसतो आणि पार्किंग मिळालेलं असतं. आपल्या पदरचं काय गेलं, हे आपण स्वतःला कधी विचारतो का?