चार हात

बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहताना, भिंत दिसत नाही. म्हणून तलावावर आडव्या दोरीला तिकोनी झेंडे लावतात, भिंतीपासून बरोब्बर ५ मीटरवर, पाण्यापासून किमान १.८ मीटर उंच. डोक्यावरून झेंडे गेले की हात मोजायचे. प्रत्येकाचा आकडा वेगळा. मी शिकवतो त्या या मुलीचा चार. चार हात, मग पालथं होऊन कोलांटी.

तशी आमच्या कोल्हापुरात बॅकस्ट्रोकला मुलं कमीच. आमच्याच वीरधवल खाडेनं २०१० साली ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. १९८६ मध्ये सोलला खजान सिंगनं मिळवलेल्या रौप्यानंतर २४ वर्षांनी पोहण्यातलं पदक! तेव्हापासून प्रत्येक बापाला बटरफ्लायच हवं. ही मात्र स्वतःहून पाठीवर पडली.

राष्ट्रीय स्पर्धा होती, परराज्यात. सकाळी वॉर्म-अपला हिचं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. टाळू चोळत काठाशी आली.

"सर, झेंडे चुकलेत."

आता खरं सांगायचं तर भारतीय संघाबरोबर दोन दौरे करून आलो होतो. अंगावर 'इंडिया'चं जॅकेट होतं आणि ते डोक्यातही गेलं होतं. म्हटलं, "झेंड्यांना नावं ठेवू नकोस. तुझा वेग वाढलाय. आज तीनच हात मार." तिनं तीन मारून बघितले, टर्न झकास बसला. मी खुशीत चहाला बाहेर गेलो.

१०० मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी. पहिले ४५ मीटर ती सगळ्यांच्या पुढे. झेंडे गेले, एक, दोन, तीन, पालथी झाली... आणि भिंत आलीच नाही. पाय मारत, सरपटत कशीबशी पोचली. बॅकस्ट्रोकमध्ये एकदा पालथं झालं की टर्न सलग घ्यावा लागतो, तरंगत भिंत गाठलेली चालत नाही. टर्नवरच्या पंचाचा हात वर गेला. बाद.

मी तावातावानं पंचांच्या टेबलाशी. झेंडे चुकीचे आहेत, मोजा! रेफरी शांतपणे टेप घेऊन आले. पाच मीटर. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

मग कळलं. सकाळी दोरी मीटरभर भिंतीकडे बांधली गेली होती. दुसऱ्या एका कोचनं वॉर्म-अपमध्येच ते मोजून दाखवलं, संयोजकांनी हीटच्या आधी ती सरकवली, माईकवर सांगितलंही. तेव्हा मी कँटीनमध्ये. मीटर म्हणजे हिचा एक हात. तेवढाच मी सकाळी काढून घेतला होता.

संयोजकांवर चार दिवस तोंडसुख घेता आलं असतं. पण त्यांची चूक तासाभरात दुरुस्त झाली होती, माझी झाली नव्हती.

संध्याकाळी तिला म्हटलं, "चुकलं माझं." ती गॉगलचा पट्टा सारखा करत राहिली. आपल्याकडे सर असं म्हणत नाहीत, त्यामुळे तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं. शेवटी म्हणाली, "उद्या २०० आहे. तीन टर्न."

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायच्या आधी ती पंधरा रुपड्यांची शिवणकामाची टेप घेऊन आली, कुठून पैदा केली देव जाणे. दीड मीटरची. काठावर उकिडवी बसून तुकड्यातुकड्यानं मोजायला लागली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"सर, भिंतीला नीट टेकवून धरा."